मागच्या रांगेतील कर्दळ

महाराष्ट्रातील खेड्यांत कर्दळ ठाऊक नाही असे घर विरळाच. मोरीच्या पाण्यावर, पाटाच्या कडेला, देवळाच्या आवारात, शाळेच्या कुंपणाशी ती उभी असते. तिच्यासाठी सहसा कोणी पैसे मोजत नाही. शेजारणीने "काकू, एक गड्डा द्या ना" असे म्हणावे आणि काकूंनी कुदळीच्या एका घावाने तो काढून द्यावा, अशा रीतीने तिचा प्रसार पिढ्यान् पिढ्या होत आला आहे.

फुकट मिळते आणि कोठेही जगते म्हणून तिच्याकडे लक्ष देण्याची आवश्यकता कोणास वाटत नाही. त्याचे दोन दुष्परिणाम दिसून येतात. पहिला असा की, ताटव्यात ती भलत्याच जागी लावली जाते व पुढे असली तर मागची सारी फुले झाकून टाकते. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. हातोहात फिरणाऱ्या गड्ड्यांबरोबर विषाणुरोगही घरोघर फिरतो, आणि त्यातील काही रोग केवळ फुलझाडापुरते राहत नाहीत. शेजारच्या केळीला, मिरचीला व वेलवर्गीय भाज्यांनाही त्यांची बाधा होऊ शकते. म्हणून कर्दळ लावताना जागा विचारपूर्वक ठरवावी आणि गड्डा पारखून घ्यावा. एवढ्या दोन गोष्टी सांभाळल्या तर खेड्याच्या परिस्थितीत इतक्या थोड्या खर्चात इतकी शोभा देणारे दुसरे उंच फुलझाड क्वचितच सापडेल.

वनस्पतीची ओळख

कर्दळ मूळची आपल्या देशातील नव्हे. अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातून ती जगभर पसरली. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली 'कॅना इंडिका' या नावाने तिची नोंद केली. 'कॅना' म्हणजे बोरू. 'इंडिका' हा शब्द मात्र हिंदुस्थानावरून आलेला नसून वेस्ट इंडीज बेटांशी संबंधित मानला जातो. केळ, हळद व आले ही तिची दूरची भावंडे होत. पानांतील साम्य तर सहज डोळ्यांत भरते. जुन्या मराठीत केळीलाही 'कर्दळी' म्हणत असत. दत्तसंप्रदायात प्रसिद्ध असलेल्या श्रीशैलाजवळच्या कर्दळीवनाच्या नावात केळच अभिप्रेत आहे.

कर्दळीच्या फुलात ज्यांना आपण पाकळ्या समजतो ते वस्तुतः रुंद व रंगीत झालेले पुंकेसर असतात. खऱ्या पाकळ्या त्यांच्या खाली अरुंद व अनाकर्षक अशा असतात. साध्या रानटी कर्दळीला काटेरी बोंडे धरतात व त्यांत काळे, गोल, छऱ्यासारखे टणक बी असते. परंतु बागेत लावल्या जाणाऱ्या मोठ्या फुलांच्या कित्येक संकरित जातींना बी धरतच नाही. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात त्रिलोकीनाथ खोशू व त्यांच्या सहकाऱ्यांनी या जातींचा अभ्यास करून १९७० साली तो प्रसिद्ध केला. नेहमीच्या दोनऐवजी गुणसूत्रांचे तीन संच असलेल्या जाती वांझ राहतात, हे या वांझपणाचे एक प्रमुख कारण आहे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या माहितीचा अर्थ असा की, अशा जातींची अभिवृद्धी जमिनीतील गड्ड्यांवाचून होत नाही. गड्डा म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. मूळ झाडाचा रंग, उंची व फुलांचा आकार जसा त्यात उतरतो तसाच मूळ झाडाचा रोगही उतरतो.

मागची रांगच का?

फुलांचा ताटवा दोन प्रकारचा असतो. चौफेर पाहावयाचा ताटवा असेल तर उंच झाड मध्यभागी येते. भिंत, कुंपण किंवा चर यांच्या कडेने केलेला व एकाच बाजूने पाहावयाचा ताटवा असेल तर उंच झाड मागे, मध्यम उंचीचे मध्ये व ठेंगणे पुढे असा क्रम ठेवावा लागतो. शाळा, ग्रामपंचायत कार्यालय व घराचे अंगण येथे बहुधा दुसरा प्रकारच सोयीचा असतो.

उंच जातीची कर्दळ सव्वा ते दोन मीटरपर्यंत वाढते. तिची रुंद हिरवी किंवा तांबूस पाने पुढच्या फुलांना पडद्यासारखी पार्श्वभूमी देतात. तिच्यापुढे झेंडू किंवा तेरडा, त्यापुढे सदाफुली व अगदी कडेला वीतभर उंचीचा चिनी गुलाब अशी मांडणी केली तर प्रत्येक रांग आपापल्या जागी दिसते. दीड मीटर रुंदीच्या ताटव्यात एवढ्या रांगा दाटी न होता बसतात. ठेंगण्या जातीची कर्दळ मात्र मागे लावू नये. ती झेंडूच्या आड लपून जाते. म्हणून गड्डा घेण्यापूर्वी मूळ झाडाची उंची पाहून ठेवणे जरूर आहे.

दिशेचाही विचार करावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो व सावल्या उत्तरेकडे लांब पडतात. ताटव्याची मागची बाजू उत्तरेस असेल तर कर्दळीची सावली पुढील झाडांवर पडत नाही. म्हणून दक्षिणेकडे तोंड केलेल्या भिंतीपुढील जागा सर्वांत उत्तम. पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीपुढेही अर्धा दिवस ऊन मिळत असल्याने चांगली फुले येतात. उत्तरेकडील भिंतीच्या सावलीत मात्र झाड उंच, लवचिक व कमी फुलांचे होते. दिवसातून सहा तास तरी ऊन हवे, हा हिशेब ध्यानात ठेवावा.

भिंत पक्की असली तरी तिच्यापासून दोन ते अडीच वीत जागा मोकळी सोडावी. तेथून मागच्या बाजूची वाळलेली पाने काढता येतात. भिंत मातीची असेल तर कर्दळ तिच्या पायथ्याशी मुळीच लावू नये. कर्दळीला द्यावे लागणारे पाणी पायात मुरून भिंत खचण्याचा धोका असतो. अशा ठिकाणी ताटवा भिंतीपासून निदान एक मीटर दूर घ्यावा आणि जमिनीचा उतार भिंतीपासून बाहेर ठेवावा.

जमीन व लावणी

पाणी धरून ठेवणारी पण भुसभुशीत पोयट्याची जमीन कर्दळीला मानवते. भारी काळ्या जमिनीतही ती येते. हलक्या मुरमाड जमिनीत शेणखत व गाळ मिसळल्याशिवाय तिचा जोम दिसत नाही. चुनखडीच्या जमिनीत नवी पाने पिवळट पडतात, त्याकरिता कंपोस्टचा भरपूर वापर करावा.

पावसाळ्याच्या आरंभी केलेली लावणी सर्वांत कमी कष्टाची होय. पाण्याची सोय असल्यास फेब्रुवारीतही लावणी करता येते. लावणीपूर्वी जमीन दीड वीत खोल खणून तण व जुन्या मुळ्या वेचून काढाव्यात. दर चौरस मीटरला सुमारे पाच किलो चांगले कुजलेले शेणखत मातीत मिसळावे. ताजे शेण वापरू नये. त्याने हुमणीला आश्रय मिळतो.

लावणीच्या गड्ड्याला दोन ते तीन ठसठशीत डोळे असावेत. गड्डा आडवा ठेवून डोळे वर किंवा बाजूस येतील अशा बेताने आठ ते दहा सेंटिमीटर खोल लावावा. भारी जमिनीत खोली थोडी कमी ठेवावी, नाहीतर पावसात गड्डा कुजतो. दोन गड्ड्यांत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. फारच उंच जात असेल तर ६० सेंटिमीटर ठेवावे. सहा मीटर लांबीच्या ताटव्यात दोन्ही टोकांस ३० सेंटिमीटर सोडून ४५ सेंटिमीटरवर लावणी केल्यास एका रांगेस तेरा गड्डे पुरतात. यापेक्षा दाट लावण्याचा मोह टाळावा. पहिल्या पावसात मोकळी दिसणारी जागा पुढील वर्षी नव्या धुमाऱ्यांनी आपोआप भरून येते.

फुलोऱ्याची निगा

कर्दळीची फुले थांबली अशी तक्रार ज्या बागेत ऐकू येते, तेथे बहुधा जुने दांडे कापलेले नसतात. प्रत्येक दांड्याच्या शेंड्यावर फुलोरा येतो. तो संपत आला की त्याच दांड्यावर खालच्या पानाच्या बगलेतून दुसरा फुलोरा निघतो. म्हणून पहिला फुलोरा संपताच तेवढाच भाग, नव्या कोंबाला धक्का न लावता, खुडावा. बाजूचे फुलोरेही संपले की त्या दांड्याचे काम संपले. तो धारदार विळ्याने जमिनीलगत कापून टाकावा. त्याला तसाच ठेवल्यास तो वाळून कुजतो, गोगलगाईंना व किडींना आसरा देतो आणि नव्या धुमाऱ्यांची जागा अडवतो.

पावसाळ्यात पाण्याचा निचरा पाहावा. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा व उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी पाणी द्यावे. जमिनीचा मगदूर पाहून यात फरक करावा. पावसाळ्याच्या अखेरीस चौरस मीटरला दोन मुठी निंबोळी पेंड मातीत मिसळून दिल्यास दिवाळीच्या सुमारास पुन्हा चांगला बहर मिळतो. उन्हाळ्यात बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन करावे.

पाने गुंडाळणारी किंवा केसाळ अळी दिसल्यास सकाळी ती वेचून नष्ट करावी. एवढ्याशा ताटव्यासाठी औषध फवारण्याचे कारण नाही. पानाच्या खालील बाजूस नारिंगी भुकटीसारखे फोड दिसले तर तो तांबेरा समजावा. अशी पाने कापून जाळावीत, दाटी कमी करावी व पाणी पानांवर न टाकता बुंध्याशी द्यावे.

सांडपाण्याचा उपयोग

मोरीचे पाणी घराबाहेर डबके करून राहते, ही अनेक खेड्यांतील नित्याची अडचण आहे. असे पाणी आठवडा-दहा दिवस साचून राहिले की त्यात डासांची नवी पिढी तयार होते. कर्दळीला ओल आवडते, मुळांशी पाणी राहिले तरी ती तग धरते आणि सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांचा तिला खत म्हणून उपयोग होतो. या गुणांमुळेच सांडपाणी खडीवाळूच्या वाफ्यातून वाहवून निर्मळ करण्याच्या पद्धतीत कर्दळीचा वापर भारतात व इतर देशांत केला गेला आहे.

घरगुती प्रमाणावर याची मांडणी अशी करावी. मोरीचे पाणी प्रथम खडी भरलेल्या लहान खड्ड्यातून जाऊ द्यावे. त्यात साबणाचा मळ व खरकटे अडकते. ही खडी अधूनमधून काढून धुवावी. तेथून पाणी उथळ चराने कर्दळीच्या रांगेस न्यावे. शक्य तेथे एकाऐवजी दोन वाफे करून पाणी आलटून पालटून सोडावे, म्हणजे एक भिजत असता दुसरा सुकतो व पृष्ठभागावर पाणी तुंबत नाही. चर तुंबून डबके झाले तर कर्दळ असूनही डास होणारच. झाड पाणी शोषते, पण चर साफ करण्याचे काम माणसालाच करावे लागते.

अशा वाफ्याच्या पुढे फुलांचा ताटवा केला म्हणजे मागच्या रांगेचे दुहेरी काम होते. चर दृष्टिआड होतो आणि कर्दळीला निराळे पाणी द्यावे लागत नाही. मात्र तीन पथ्ये पाळावीत. वाफा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १५ मीटर दूर असावा. संडासाचे पाणी त्यात सोडू नये. आणि कापलेले दांडे व पाने वाफ्यातच कुजू न देता कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावीत. नाहीतर झाडाने घेतलेली द्रव्ये पुन्हा तेथेच परत येतात.

पिवळ्या रेषांचा धोका

कर्दळीवर अनेक विषाणुरोग आढळतात. पिवळा चट्टेरी विषाणू हा त्यांतील एक प्रमुख असून भारतातही त्याची नोंद झाली आहे. रोगट झाडाच्या पानांवर शिरांच्या कडेने फिकट पिवळ्या तुटक रेषा किंवा ठिपके दिसतात. पुढे ते भाग तपकिरी होऊन वाळतात, झाड खुजे राहते, फुले लहान होतात व त्यांच्या रंगात पट्टे पडतात. पुष्कळदा याला खताची उणीव समजून खतावर खर्च केला जातो. फरक ओळखणे कठीण नाही. लोहाची उणीव असेल तर त्या भागातील बहुतेक सर्व झाडांची नवी पाने सारखीच पिवळी पडतात व शिरा हिरव्या राहतात. विषाणुरोगात पिवळेपणा असमान असतो आणि रोगट ठोंबाशेजारी निरोगी ठोंबही असू शकतो.

'बंगाल टायगर' नावाच्या जातीच्या पानांवर जन्मतःच पिवळे पट्टे असतात. ते सर्व पानांवर नियमित व स्वच्छ असतात आणि झाड जोमदार असते. तिला रोगट समजून उपटू नये.

विषाणुरोग झालेले झाड कोणत्याही औषधाने बरे होत नाही. रोगट ठोंबाची दोन वर्षांनी पाच भागांत विभागणी केली तर पाच घरी रोग जातो. त्या पाचांनी पुन्हा दोन वर्षांनी तसेच केले तर पंचवीस, आणि सहाव्या वर्षी सव्वाशे ठोंब रोगट होतात. गावच्या शाळेत एकदा आलेला एक गड्डा अशा रीतीने पंचक्रोशीत पोचतो, आणि तो प्रेमाने दिलेला असल्यामुळे त्याच्याविषयी कोणास शंकाही येत नाही.

मावा किडीमुळे पसरणारा, काकडीवर्गीय पिकांचा मोझॅक विषाणूही कर्दळीवर जगतो. याच विषाणूमुळे केळीवर जो रोग येतो त्यास जळगावच्या केळी पट्ट्यात 'हरण्या' म्हणतात. मिरची, टोमॅटो व वेलवर्गीय भाज्याही त्यास बळी पडतात. पीक निघून गेल्यावर असा विषाणू वर्षभर हिरव्या असणाऱ्या झाडांवर टिकून राहतो व मावा त्याला पुढील पिकावर नेतो. म्हणून केळीच्या बागेच्या, मिरचीच्या किंवा भाजीपाल्याच्या बांधावर पट्टे पडलेली कर्दळ राहू देणे म्हणजे रोगाचे बेणे जपून ठेवणे होय. अशा पिकांलगत कर्दळ न लावणे हाच उत्तम मार्ग. इतरत्रही रोगट ठोंब गड्ड्यांसकट खणून जाळून टाकावा. जमिनीत राहिलेला लहानसा तुकडाही पुन्हा फुटतो, म्हणून ती जागा पुढील दोन-तीन महिने नजरेखाली ठेवावी.

गड्ड्यांची विभागणी व वाटप

दर दोन ते तीन वर्षांनी ठोंब खणून फोडणे आवश्यक असते. तसे न केल्यास मधला भाग जुना व पोकळ होतो आणि फुले फक्त कडेला येतात. एका चांगल्या ठोंबातून लावणीस योग्य असे पाच-सहा गड्डे सहज मिळतात. हे काम उन्हाळ्याच्या अखेरीस, पावसापूर्वी करावे.

ग्रामीण कार्यकर्त्यांनी शाळा, महिला मंडळे व घरोघरी गड्डे वाटताना पुढील क्रम पाळावा. गड्ड्यांची निवड खणण्याच्या दिवशी न करता आधीच्या पावसाळ्यात करावी, कारण पानांवरील खुणा त्या वेळी स्पष्ट दिसतात. सर्व पाने वरून व खालून पाहून निर्दोष ठोंबांच्या बुंध्याशी खूण बांधावी व उन्हाळ्यात फक्त तेच खणावेत. कुदळ, विळा व सुरी एका ठोंबावरून दुसऱ्यावर नेताना साबणाच्या पाण्याने घासून धुवावीत. मऊ, कुजके किंवा भोके पडलेले गड्डे बाजूला काढावेत. कापलेल्या भागास राख लावून गड्डे दोन दिवस सावलीत सुकू द्यावेत.

काही झाडांत विषाणू असूनही खुणा लवकर दिसत नाहीत. म्हणून बाहेरगावाहून आलेले गड्डे एकदम मुख्य ताटव्यात न लावता एक हंगाम निराळ्या वाफ्यात वाढवावेत. सर्व पाने स्वच्छ राहिली तरच पुढील वर्षी ते मागच्या रांगेत न्यावेत व त्यानंतर इतरांस द्यावेत. उरलेले गड्डे ओढ्यात किंवा नाल्यात फेकू नयेत. वाहत गेलेला गड्डा काठावर रुजतो. काही देशांत अशाच पसरलेल्या कर्दळीने पाणथळ जागा व्यापून स्थानिक वनस्पतींना उपद्रव दिला आहे.

ज्या गावात एखादी शाळा किंवा महिला मंडळ असा निरोगी बेण्याचा एक वाफा राखील, तेथे घरोघरी खात्रीचा गड्डा देता येईल. पावसाळ्यात ताटव्यावरून फिरताना प्रथम फुलांकडे न पाहता पानांकडे पाहण्याची सवय लावावी. आणि शेजारीण गड्डा मागावयास आली तर तिला नकार न देता, खुणेच्या ठोंबाजवळ नेऊन तेथलाच गड्डा द्यावा.